पक्ष्याचा प्रवेश आणि उरलेला ‘म’

१. पक्षी गेला

“पक्षी गेला!”

बटण इतक्या जोरात किंचाळली की कार्यशाळेच्या दुसऱ्या टोकाला राणीचा घागरा शिवत बसलेल्या आईने सुई स्वतःच्याच बोटात खुपसून घेतली.

“गेला कुठे? तो काय खुंटीवर!” आई बोट चोखत म्हणाली.

खुंटीवर होताच तो. निळ्या पिसांचा, लाकडी चोचीचा, दोऱ्यांना लटकलेला. गेला होता तो त्याचा प्रवेश. मामाच्या बाहुली-नाटकाचा शेवटचा, सगळ्यात देखणा प्रवेश, ज्यात पक्षी पिंजऱ्यातून सुटतो आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत जातो. पहिला प्रयोग परवा. आणि लॅपटॉपवर ‘प्रवेश शेवटचा’ या मथळ्याखाली नुसतं पांढरं पान.

अगदी कोरं नव्हतं ते. वरती एक ‘म’ होता. त्याच्या डोक्यावर दोन परक्या मात्रा होत्या, मराठीत कधी कुठल्या अक्षरावर बसलेल्या बटणने पाहिल्या नव्हत्या अशा. त्यापुढे न, न, न. बस्स. काय वाचणार कपाळ!

“मग आण की परत,” आई म्हणाली. “तू ते कंट्रोल झेड करतेस ना, सगळं मागे जातं ते?”

“फाईल बंद केलीय कुणीतरी. एकदा बंद झाली की मागे जाता येत नाही. आणि हा लॅपटॉप आपला आपण सेव्ह करत बसतो.”

“तसं लावलं कुणी?”

“मी,” बटण पुटपुटली.

लावणारी तीच असायची. बटण नववीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. मध्यंतरी शाळेच्या कार्यक्रमात ऐन मुख्याध्यापिकाबाईंच्या भाषणात पडद्यावरचं चित्र उलटं झालं. सगळे शिक्षक एकमेकांकडे बघत बसले, आणि कधी वर्गात हात वर न करणारी ही मुलगी मंचावर चढली, कीबोर्डवर दोन-तीन कळा दाबल्या आणि चित्र सरळ केलं. काय टाळ्या पडल्या! त्या दिवसापासून बटण बाईसाहेब जमिनीवर नव्हत्या. घरचा लॅपटॉप तर त्यांनी ताब्यातच घेतला. पातळ, हलकाफुलका लॅपटॉप तो; आईने एकदा कापडाचे नमुने गुंडाळताना तोही आत गुंडाळून ठेवला होता. मामाच्या सगळ्या मंडळींत मिळून तो एकच. बटणने त्यावर कोणतं बटण काय करेल ते आपल्या मर्जीने ठरवून टाकलं. आईचं बोट सारखं कॅप्स लॉकवर पडायचं, म्हणून ते बटण मारून टाकलं. आवाज कमी-जास्त करायची कळ बदलली.

आणि ते ‘टुंग’! शिफ्ट किंवा कंट्रोल दाबलं की लॅपटॉपमधून एक बारीक टुंग यायचं. कुणाच्या तरी हातून चुकून काहीतरी चालू झालं असणार. बटणने सेटिंगमध्ये शिरून ते भूत हुडकलं, बंद केलं, आणि पुन्हा कुणी चुकून जागं करू नये म्हणून त्याचा शॉर्टकटही काढून टाकला. वर ‘भूत गाडलं, भूत गाडलं’ म्हणत दिवसभर नाचली.

आता तिच्याच राज्यात चोरी झाली होती.

“आई,” ती उभी राहत म्हणाली, “कुणीही कार्यशाळा सोडून जायचं नाही.”

“मी कुठे जाणार? घागरा अर्धा आहे,” आई म्हणाली.

२. साक्षी

पहिला सापडला पोपट. नाटकातल्या सगळ्या बाहुल्यांना आवाज देणारा तरुण. तो कोमट पाण्याच्या गुळण्या करत होता.

“काल सकाळी प्रवेश जागेवर होता. दुपारी कुठे होतास?”

“महाराणी,” तो दुष्ट प्रधानाच्या आवाजात घुमला, “या गरिबाने आपल्या यंत्रास स्पर्शही केला नाही.”

“नीट बोल ना रे.”

“नीटच सांगतो,” पोपट स्वतःच्या आवाजात आला. “हात लावला तर बोटं मोजून घेईन म्हणालीस ना मला? मला बोटं प्यारी आहेत. मांजर चाललं असेल कीबोर्डवरून.”

“आपल्याकडे मांजर नाहीये.”

“मग एक संशयित कमी झाला,” म्हणत त्याने पुढची गुळणी भरली.

दिवे सांभाळणारे फ्यूजकाका शिडीवर होते. त्यांचं एक काम एका हाताने कधी झालं नव्हतं. बोलतानासुद्धा दोन्ही हात लागायचे, त्यामुळे खाली उभी असलेली बटण जीव मुठीत धरून ऐकत होती.

“मला विचारतेस? माझंच नुकसान झालंय! कुठल्या वाक्याला कुठला दिवा, सगळं त्या प्रवेशात लिहिलेलं. आता मी काय, अंदाजाने सूर्य उगवू?” मग ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि आवाज खाली आणला. “एक सांगू? माझं नाव घेऊ नकोस. काल दुपारी तुझी ताई इथे एकटी बसली होती. लॅपटॉपच्या बंद झाकणावर हात ठेवून. मला बघितलं नि चटकन डोळे पुसले.”

बटणचे कान टवकारले. ताई म्हणजे मामाची मुलगी, पिंजऱ्याच्या दोऱ्या सांभाळायची. पक्षी मात्र मामाचा. त्याला दुसरं कुणी हात लावायचं नाही.

“आणि परवा माझ्यादेखत म्हणाली,” काका आणखी खाली वाकले, “म्हणाली, ‘तो पक्षी उडलाच नाही तर बरं होईल.’”

मामा शेवटी भेटला. मागच्या खोलीत बाकावर बसला होता. उकाड्यातही अंगात जाकीट, डावा हात जाकिटाच्या खिशात.

“मामा, तुला कुणाचा संशय येतो?”

“कुणाचा नाही गं. यंत्र आहे. बिघडतं.”

“यंत्र स्वतःहून ‘म’ लिहीत नाही.”

मामाने उजव्या हाताने जाकिटाची कॉलर सारखी केली.

“आणि छापू नको, छापू नको म्हणालास म्हणून माझ्याकडे छापील प्रतही नाही!”

“त्यात बदल करायचे होते थोडे.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “पुन्हा सांगतो मी. तू लिहून घे.”

“तूच टाईप कर ना. आधी तर कसला धडाधड करायचास!”

“डोळे दुखतात हल्ली.”

आणि तेवढ्यात समोरच्या भिंतीवरचं बारीक अक्षरातलं वेळापत्रक, चष्म्याशिवाय, बसल्या जागेवरून वाचत तो म्हणाला, “चार वाजता तालीम आहे. जा, सगळ्यांना सांग.”

बटण गेली. डोक्यात ताई एवढी घुमत होती की डोळ्यांसमोर घडलेलंही तिला दिसलं नाही.

३. आरोप

चारला सगळे जमले. बटण राजाच्या सिंहासनाला टेकून उभी राहिली. सिंहासन गुडघ्याएवढं होतं, त्यामुळे टेकणं जरा वाकडंच झालं. पण आवाज असा लागला की पोपटही चमकला.

“ज्याने हे केलं त्याला पक्षी उडायला नको होता. त्याने सगळा प्रवेश निवडला, पुसला आणि चिडून दोन-चार कळा बडवल्या. काल दुपारी लॅपटॉपपाशी एकच माणूस बसलं होतं. ‘पक्षी उडलाच नाही तर बरं’ असंही तेच माणूस म्हणालं होतं. का? तर इतकी वर्षं पिंजरा धरून हात दुखले, आणि पक्षी काही वाट्याला आला नाही.” तिने बोट रोखलं. “ताई, खरं की खोटं?”

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. तिने तोंड उघडलं. बटणकडे पाहिलं, मग मामाकडे. आणि तोंड मिटलं.

“बोल ना! बसली होतीस की नाही?”

“बसले होते.”

“तसं म्हणाली होतीस की नाही?”

“म्हणाले होते.”

“अगं थांब जरा,” मामा उठत म्हणाला, “मला काही…”

“बाबा, तुम्ही बोलू नका,” ताईने त्याला तिथेच तोडलं.

बापाला असं बोलते! बटणला वाटलं, झालं, आणखी काय पुरावा हवा? मामा होता तसाच मटकन खाली बसला. खिशातला हात खिशातच होता, आणि मान इतकी खाली की हनुवटी जाकिटाला टेकली.

“मग मास्तर,” फ्यूजकाका घसा खाकरून मामाला म्हणाले, “परवाच्या खेळात हिचा हात कशालाच लागायला नको. मनात असं असेल तर…”

ताईने पिंजऱ्याची फळी, ज्या आडव्या लाकडाला सगळ्या दोऱ्या बांधलेल्या असतात ती, अलगद टेबलावर ठेवली. दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून सवयीने बोटं फिरवून सरळ केल्या. आणि बाहेर गेली. दारसुद्धा आपटलं नाही.

बटण वाट बघत राहिली. टाळ्यांची नाही अगदी, पण काहीतरी. कुणी ‘शाबास’ म्हणेल, कुणी ‘कसं गं ओळखलंस’ म्हणेल. आईने घागऱ्याचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “झालं समाधान?”

४. एका हातात पाव

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण लॅपटॉपपुढे बसून प्रवेश आठवेल तसा लिहीत होती. मामाने सांगितलेला तिने स्वतःच तर टाईप केला होता. डाव्या हातात पाव, उजव्या हाताची बोटं कीबोर्डवर. ताई न्याहारीला आली नव्हती. बटणला पाव गोड लागत नव्हता, पण कबूल कोण करतो!

एक ओळ दुसरीकडे हलवायची होती. तिने ओळ निवडली. पाव खाली ठेवायचा आळस. उजव्या हाताचं एक बोट कंट्रोलवर नेलं, तिथून उचलून ‘सी’वर. कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की निवडलेल्या मजकुराची नक्कल होते. पण एकाच बोटाने दाबायचं, तर सी दाबेपर्यंत कंट्रोल सुटलं होतं.

ओळ गायब झाली. तिच्या जागी उभा राहिला एक ‘म’.

बटणने पाव बाजूला ठेवला.

सीच्याच कळेवर मराठी ‘म’ असतो. मजकूर निवडलेला असताना नुसती ती कळ दाबली तर सगळा मजकूर जातो आणि ‘म’ राहतो. तिने कंट्रोल दाबलं, सोडलं, आणि ‘झेड’ दाबलं. ‘म’च्या डोक्यावर ती परकी मात्रा येऊन बसली. मग कंट्रोल, सोडलं, ‘व्ही’. न.

म्हणजे चिडून बडवलेल्या कळा नव्हत्याच त्या! सी म्हणजे नक्कल. झेड म्हणजे मागे घ्या. पुन्हा झेड, मागे घ्या ना. मग व्ही, व्ही, व्ही: चिकटव, काहीतरी परत चिकटव. पुसायला कुणी बसलंच नव्हतं. मूळ प्रवेश जपून ठेवून, त्याच्याखाली बदलून लिहायला कुणीतरी बसलं होतं. समोरचं सगळं नाहीसं झालेलं बघून घाबरून ते परत आणायला धडपडलं होतं. कुणाची तरी केविलवाणी हाक होती ती, आणि बटणने तिला गुन्हा ठरवलं होतं.

पण अशा एकापाठोपाठ एक कळा दाबतं कोण? तिच्या हातात तर पाव होता.

कंट्रोल दाबा, सोडा, मग दुसरी कळ दाबा. असं केलं तरी लॅपटॉपने दोन्ही एकत्र धरायच्या, अशी एक सोय असते. बटणला ती चांगली माहीत होती. ती चालू असली की कंट्रोल दाबल्यावर बारीक आवाज येतो.

टुंग.

ते भूत नव्हतं. चुकून चालू झालेलं नव्हतं. कुणीतरी शोधून, समजून, स्वतःसाठी ते चालू केलं होतं. ज्याला दोन कळा एका वेळी दाबता येत नाहीत अशा कुणीतरी.

तिने एकेकाचे हात डोळ्यांपुढे आणले. आईचे, एका हातात कापड, एका हातात सुई. फ्यूजकाकांचे, शिडीवरही हवेत. पोपटाचे, बोलताना फडफडणारे. ताईचे, दोऱ्या सरळ करणारे, दोन्ही.

मामाचा एक.

उकाड्यातलं जाकीट. चष्म्याशिवाय वेळापत्रक वाचणारे, म्हणे दुखणारे, डोळे. ‘तू लिहून घे.’ आणि बदल कसले करायचे होते? पक्ष्याला दोन फळ्या असतात, एक पंखांची, एक मानेची. दोन हात लागतात त्याला. एका हाताने उडेल असा प्रवेश लिहायला बसला होता मामा. ताईला ठाऊक होतं. म्हणून तर तिला पक्षी उडायला नको होता. म्हणून झाकणावर हात ठेवून रडत होती. म्हणून ‘बाबा, तुम्ही बोलू नका.’

आणि आपण काय केलं? सिंहासनाला टेकून उभे राहिलो!

बटणचे कान असे तापले की तिने ते दोन्ही हातांनी झाकून घेतले. झाकून काय होणार? आपलंच बोलणं आतून ऐकू येत होतं. ‘भूत गाडलं, भूत गाडलं.’ मामा समोर बसलेला असताना नाचलो होतो आपण. तेव्हा तो हसला का होता? की नव्हता? आठवेना. त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

तिने सेटिंग उघडलं. सोय चालू केली. शॉर्टकट जागेवर ठेवला. एका बोटाने कंट्रोल दाबून पाहिलं.

टुंग.

इतका लहानसा आवाज. एवढाच खुपला होता तिला.

५. उत्तर

ताई मागच्या नळाखाली रंगाचे कुंचले धूत होती. बटण जवळ जाऊन उभी राहिली.

“ताई. चुकलं माझं.”

“काय चुकलं?”

“सगळं. पण काय ते मी बोलणार नाही.”

ताईने नळ बंद केला. वळून तिच्याकडे पाहिलं.

“कळलं तुला.”

“हो.”

“कुणाला सांगितलंस तर बघ. ते सांगतील तेव्हा सांगतील. तोवर राहू दे माझ्यावर.”

“तुझ्यावर नाही राहणार,” बटण म्हणाली.

“आत्ताच माफ करीन असं वाटतंय का तुला?”

“नाही.”

“बरं झालं.” ताईने नळ पुन्हा सोडला. पण एक कुंचला तिच्याकडे सरकवला. दोघींनी मिळून उरलेले धुतले.

तालमीला बटणने पुन्हा सगळ्यांना जमवलं. या वेळी ती सिंहासनाजवळ गेलीच नाही. दाराजवळ, अंग चोरून उभी राहिली.

“आता कुणाची पाळी?” पोपट म्हणाला.

“माझी,” बटण म्हणाली. “प्रवेश माझ्यामुळे गेला. कीबोर्डची एक सोय होती, कुणाला तरी लागणारी. मला आवाजाचा त्रास व्हायचा म्हणून न विचारता मी ती बंद केली. त्यामुळे नक्कल करायला गेलेल्या माणसाचा सगळा मजकूर पुसला गेला. सेव्ह आपोआप व्हावं हेही मीच लावलेलं. ताईने काहीसुद्धा केलेलं नाही. मी तिला सगळ्यांसमोर… माझ्याइतकं वाईट कुणी वागलं नाही. ताई, सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोर मागते.”

आईने सुई पिनकुशनमध्ये खोचली. पहिल्यांदाच तिचे हात रिकामे होते.

“ते ठीक आहे,” फ्यूजकाका दोन्ही हात पसरून म्हणाले, “पण कळा दाबल्या कुणी?”

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. एक एक दुवा जोडलेला, कुठेही फट नसलेलं, आयुष्यातलं तिचं पहिलं अचूक उत्तर. बटणने ते गिळलं.

“ते मला नाही कळलं, काका.”

“म्हणजे अर्धाच तपास?”

“अर्धाच. मी काही हुशार वगैरे नाहीये.”

ताईने चटकन वर पाहिलं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

टुंग.

सगळ्यांच्या माना वळल्या. मामा लॅपटॉपपुढे बसला होता. उजव्या हाताचं बोट कंट्रोलवर होतं. त्याने ते उचललं, सगळ्यांना दिसेल असं, आणि सीवर ठेवलं. या वेळी काहीच पुसलं गेलं नाही.

“मी दाबल्या,” मामा म्हणाला. “परवा आवाज आला नाही, तेव्हाच थांबायला हवं होतं. पान कोरं झालं, मी घाबरलो, फाईल बंद केली, झाकण लावून निघून गेलो. चोरासारखा.” त्याने डावा हात खिशातून बाहेर काढून टेबलावर ठेवला. बोटं अर्धवट मिटलेली होती, झोपेतल्यासारखी. “हे बरेच दिवस असं आहे. बाहुलीवाल्याचा हात गेला म्हणजे उरलं काय, म्हणून लपवलं. काल माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीवर आळ आला आणि मी खाली मान घालून बसलो. बटण, तुला लाज वाटत असेल तर निम्मी मला दे.”

फ्यूजकाकांचे हात, आयुष्यात प्रथमच असेल, मांडीवर निपचित पडले होते. “पोरी,” ते ताईला म्हणाले, “मीच आधी चुगली केली गं.”

ताई उठली. खुंटीवरून पक्षी काढला. मानेची फळी बापाच्या उजव्या हातात दिली आणि पंखांची स्वतः धरली.

“श्वास मोजून घ्यायचा,” मामा हलकेच म्हणाला. “तू पंख उचललेस की मी मान वळवतो.”

पहिल्यांदा पक्षी धपकन तोंडावर पडला. “अगदी माझ्यासारखा,” पोपट म्हणाला, आणि आई हसली, मग काका. दुसऱ्यांदा तो टेबलाच्या काठापर्यंत गेला. तिसऱ्यांदा पंख उघडले, मान वळली, आणि निळी सावली भिंतीवरून सरकत थेट दारापाशी, बटणच्या पायांवर आली.

“लिहून घे गं,” मामाने हाक मारली. “शेवटचा प्रवेश. दोन माणसांचा.”

बटण लॅपटॉपपुढे बसली. मान अजून वर होत नव्हती तिची. कंट्रोलला बोट लागलं की टुंग वाजायचं, शिफ्टला लागलं की टुंग वाजायचं, आणि दर आवाजाला तिचे कान नव्याने तापायचे. तिने ते तापू दिले. सेटिंगला हात लावला नाही.